हात पोहोचत नाही अशा हेडलाइटचा बल्ब घरी कसा बदलायचा

काही गाड्यांचं बॉनेट उघडलं की हेडलाइटची पाठ समोरच असते. झाकण फिरवायचं, बल्ब काढायचा, नवा बसवायचा, पाच मिनिटांत काम संपतं. हा लेख त्या गाड्यांसाठी नाही. ज्या गाडीत हेडलाइटच्या मागे बॅटरी ठाण मांडून बसलेली असते, किंवा एअर फिल्टरचा डबा नाहीतर वॉशरच्या टाकीची नळी आडवी येते, मनगट जेमतेम आत जातं आणि गेलं की त्या मनगटामुळेच पुढचं काही दिसत नाही, अशा गाड्यांसाठी तो लिहिला आहे.

अशा गाड्यांचे बल्ब मी बरेच बदलले आहेत. त्यावरून सांगतो, हे काम ताकद कमी पडल्यामुळे सहसा अडत नाही. आत काय आहे, बल्बला जागेवर धरून ठेवणारी तारेची स्प्रिंग कोणत्या बाजूने अडकली आहे, ती दाबायची की ओढायची, हे बोटांना माहीत नसतं म्हणून अडतं. म्हणून लागणाऱ्या वेळापैकी निम्मा वेळ बघण्यात आणि सरावात घालवा. उरलेलं काम मग शांतपणे होतं.

बल्बच गेलाय ना?

एकाच बाजूचा, एकच बीम (जवळचा म्हणजे लो किंवा लांबचा म्हणजे हाय) बंद असेल तर बहुधा बल्ब उडालेला असतो. तरीही आधी फ्यूज बघा. अनेक गाड्यांत डाव्या आणि उजव्या दिव्याला वेगवेगळे फ्यूज असतात, त्यामुळे एक बाजू बंद पडण्याचं कारण फ्यूजही असू शकतं. कोणता फ्यूज कशाचा हे फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आत किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. दोन्ही बाजूंचे लो बीम एकाच वेळी गेले असतील तर संशय रिले (दिव्याचा प्रवाह चालू-बंद करणारा छोटा विद्युत स्विच), दिव्याचा स्विच किंवा वायरिंगवर घ्यावा. मात्र एक बल्ब आधीच गेलेला असतो आणि दुसराही जातो तेव्हाच आपलं लक्ष जातं, असंही पुष्कळदा होतं.

हेडलाइटवर तळहाताने हलकं थोपटल्यावर दिवा क्षणभर लागला, तर कपलर (बल्बच्या पाठीला बसणारा तारांचा जोड) सैल आहे किंवा फिलामेंट (बल्बमधली तापून उजेड देणारी तार) तुटून लोंबतंय. मल्टिमीटर असेल तर कपलरवर १२ व्होल्ट येतात का ते दिवा चालू करून मोजा. येत असतील तर बल्बच बदलायचा आहे. काढलेल्या बल्बची काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर तो आयुष्य संपून गेला. आत पांढरट भुकटी दिसली तर काचेला तडा जाऊन हवा शिरली आहे.

कोणता बल्ब आणायचा

बल्बचा प्रकार पुस्तिकेत, जुन्या बल्बच्या बुडावर आणि बऱ्याचदा हेडलाइटच्या अंगावरही लिहिलेला असतो. एच४ मध्ये दोन फिलामेंट असतात, ६० वॅटचं हाय बीमचं आणि ५५ वॅटचं लो बीमचं. त्याच्या पाठीला कपलरमध्ये जाणारी धातूची तीन पाती असतात. एच७ मध्ये एकच फिलामेंट, ५५ वॅट, मागे दोन पाती. एच११ सुद्धा ५५ वॅटचाच, पण त्याचं बूड प्लॅस्टिकचं, भोवती रबरी कडी, आणि तो फिरवून बसतो. एच८ आणि एच११ दिसायला सारखे असले तरी एच८ हा ३५ वॅटचा असतो. त्यामुळे नुसत्या आकारावरून खरेदी करू नका, लिहिलेलं वाचून घ्या.

जास्त वॅटच्या बल्बचा मोह होतो. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर साधारण ४.६ अँपिअर ओढतो, १०० वॅटचा ८.३ च्या पुढे जातो. कंपनीची तार, कपलर आणि स्विच त्या भारासाठी बनवलेले नसतात. कपलर वितळतो, रिफ्लेक्टरचा चकचकीत थर जळून काळवंडतो, आणि मग बल्बऐवजी अख्खा हेडलाइट बदलावा लागतो. त्याच वॅटचे पण "जास्त उजेडाचे" म्हणून मिळणारे बल्ब चालतात. त्यांचं फिलामेंट जास्त तापवलेलं असल्याने ते लवकर जातात. जिथे बल्ब बदलायला एक तास लागतो तिथे मी स्वतः साधा, जास्त टिकणारा बल्बच घेतो.

तुमच्या गाडीत झेनॉनचा दिवा असेल तर इथेच थांबा. तो पेटवताना २० हजार व्होल्टच्या आसपासचा झटका तयार होतो, ते काम घरचं नाही. कंपनीचे एलईडी हेडलाइटही बहुतेक वेळा बंद डब्यासारखे असतात, त्यांत बदलण्याजोगा बल्बच नसतो. इथून पुढचं सगळं हॅलोजनबद्दल, म्हणजे वरच्या एच४, एच७, एच११ सारख्या बल्बबद्दल आहे.

शक्य असेल तर दोन्ही बाजूंचे बल्ब एकदम बदला. दोघांचं वय सारखंच असतं, आणि एक गेला की दुसरा फार मागे राहत नाही. चालू असलेला जुना बल्ब सुटा ठेवला तर पुढे अडीअडचणीला उपयोगी पडतो.

तयारी

गाडी नुकतीच चालवलेली असेल तर इंजिन आणि हेडलाइट पूर्ण गार होऊ द्या. दिवे बंद करून किल्ली काढून खिशात ठेवा. काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो, आणि तो हेडलाइटच्या शेजारीच असतो.

हॅलोजन बल्बमध्ये वायू दाबाखाली भरलेला असतो. तो फुटला तर काचा उडतात, म्हणून चष्मा किंवा गॉगल हवाच. पातळ नायट्राइलचे हातमोजे घाला, त्यात बोटांना स्पर्श कळतो. जाड हातमोजे या कामात निरुपयोगी. बॉनेटखालच्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, त्यामुळे मनगटापर्यंत घट्ट बसणाऱ्या बाह्यांचा शर्ट बरा. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा, कारण बॅटरी जवळ असली की धातूची प्रत्येक वस्तू धोक्याची असते.

आणखी एक तयारी बहुतेक जण विसरतात. हेडलाइटच्या खाली इंजिनच्या बाजूने जिथे जिथे फट दिसेल तिथे जुनं फडकं कोंबा किंवा अंथरा. बल्ब, स्प्रिंग, स्क्रू यांपैकी काहीतरी हातातून सुटणार हे गृहीतच धरा. ते फडक्यावर पडलं तर दोन सेकंदांत परत मिळतं. खालच्या अंडरकव्हरमध्ये पडलं तर तासभर शोधावं लागतं. काम झाल्यावर फडकी मोजून बाहेर काढा.

आधी बोटांना शिकवा

आता घाई करू नका. फोनची टॉर्च चालू करून कॅमेरा फटीत घाला आणि हेडलाइटच्या पाठीचा व्हिडिओ काढा. तो मोठा करून शांतपणे बघा. झाकण रबराचं आहे की फिरकीचं? कपलरचा खटका वर आहे की बाजूला? स्प्रिंगचं कोणतं टोक बिजागरीसारखं जोडलेलं आहे, आणि कोणतं टोक आकड्यात अडकलं आहे? फोन मावत नसेल तर छोटा आरसा वापरा. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं हे लक्षात ठेवा. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावरही तसंच होतं.

यानंतर बघा, दुसऱ्या बाजूचा हेडलाइट मोकळा आहे का. बऱ्याच गाड्यांत एका बाजूला बॅटरी असते आणि दुसरी बाजू निवांत असते. असं असेल तर आधी त्या सोप्या बाजूचा बल्ब काढून बसवा. डोळ्यांनी बघत तीन-चार वेळा स्प्रिंग सोडा, परत लावा. मग मान वळवून, न बघता तेच करा. ती दाबून सुटते, बाजूला सरकवून सुटते की दोन्ही एकदम करावं लागतं, हे बोटांना कळेपर्यंत करत राहा. एकच काळजी घ्या. डावी आणि उजवी स्प्रिंग एकमेकींचं प्रतिबिंब असेलच असं नाही, काही गाड्यांत दोन्हीकडे ती एकाच दिशेने उघडते. व्हिडिओवरून खात्री करून घ्या.

वाट मोकळी करणं

शक्यतो वरून वाट काढावी. एअर फिल्टरचा डबा दोन-तीन बोल्टवर असतो आणि सहज उचलता येतो. डबा काढल्यावर इंजिनकडे जाणाऱ्या उघड्या नळीवर स्वच्छ कापड बांधा, तिच्यात काही पडलं तर नुकसान मोठं आहे. वॉशरच्या टाकीची उभी नळी बऱ्याचदा नुसती खोचलेली असते, सरळ वर ओढली की निघते. कूलंटची टाकी आडवी येत असेल तर तिचे बोल्ट काढून, पाइप तसेच ठेवून ती बाजूला सरकवा. गरम असताना तिचं झाकण उघडायचं नाही.

बॅटरी काढायची असेल तर आधी ऋण टोक, म्हणजे काळी तार सोडा, नंतर लाल. उलट केलं आणि पाना चुकून बॉडीला टेकला तर ठिणग्या उडतात. लावताना आधी लाल, शेवटी काळी. रेडिओचा कोड लागत असेल तर तो हाताशी ठेवा. पॉवर विंडोचं सेटिंगही पुन्हा करावं लागू शकतं.

दुसरी वाट चाकाच्या कमानीतून जाते. काही गाड्यांत कमानीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या अस्तरात हेडलाइटसाठी छोटं दार ठेवलेलं असतं. नसेल तर अस्तराचा पुढचा भाग सोडवून बाजूला वाकवायचा. स्टीअरिंग नेहमी विरुद्ध बाजूला पूर्ण वळवा: डाव्या दिव्यासाठी उजवीकडे, उजव्यासाठी डावीकडे. म्हणजे चाकाची पुढची कड आत जाते आणि हाताला जागा होते. प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांची मधली पिन आधी उचला आणि मग पूर्ण खिट्टी काढा. जुन्या खिट्ट्या हमखास तुटतात, चार-पाच नव्या आणून ठेवलेल्या बऱ्या. चाक काढावं लागलं तर गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही. स्टँड लावायचाच.

तिसरी वाट म्हणजे अख्खा हेडलाइट बाहेर काढणं. काही गाड्यांत दोन-तीन बोल्ट काढले की तो पुढे सरकून येतो, आणि मग टेबलावर ठेवून आरामात बल्ब बदलता येतो. असं असेल तर फटीत हात घालून झगडण्यापेक्षा हाच मार्ग चांगला. पण त्यासाठी बंपर सोडवावा लागत असेल आणि बंपरमध्ये रडार किंवा सेन्सर असतील, तर मी ते काम वर्कशॉपवर सोपवतो. रडारची दिशा जराशी चुकली तरी आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा चुकू शकते.

जुना बल्ब काढताना

एच४ मध्ये आधी कपलर निघतो, मग रबरी टोपी, मग स्प्रिंग. एच७ मध्ये सहसा मागचं झाकण, मग कपलर, मग स्प्रिंग. कपलर कधीही तारेला धरून ओढू नका. अंगाला धरा, खटका असेल तर दाबा, आणि डावी-उजवीकडे हलकं डोलवत मागे घ्या. वर्षानुवर्षं तापून तो पातींना चिकटलेला असतो. रबरी टोपीला मागे कान असतात, ते दोन बोटांत धरून एका कडेने सोलत आणायची.

स्प्रिंग सोडताना आधी ती आत, म्हणजे गाडीच्या पुढच्या दिशेने दाबा, मग बाजूला सरकवा. फक्त बाजूला ओढली तर ती वाकते, आणि वाकलेली स्प्रिंग नवा बल्ब घट्ट धरत नाही. सुटल्यावर लगेच सोडून देऊ नका. काही गाड्यांत ती बिजागरीतून निसटते, म्हणून एका बोटाने तिला मागे टेकवून धरा. काही एच७ मध्ये स्प्रिंगच्या जागी प्लॅस्टिकचा होल्डर असतो, तो पाव फेरा फिरवला की बल्बसकट बाहेर येतो.

एच११ ला स्प्रिंग नसते. घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला पाव फेरा फिरवून तो मागे येतो. जागा फार कमी असेल तर कपलर आतच काढायची धडपड करू नका. आधी बल्ब तारेसकट फिरवून बाहेर घ्या. तार बहुतेक वेळा पुरेशी लांब असते, कपलर मग उजेडात वेगळा करता येतो. रबरी कडी चिकटून बल्ब फिरत नसेल तर रबरी हातमोज्याने पकड घ्या आणि दोन्ही दिशांना थोडं थोडं हलवा. पक्कड लावली की प्लॅस्टिक तुटतं.

काढलेला कपलर नीट बघा. तपकिरी झाला असेल, वितळला असेल किंवा आतली पकड सैल झाली असेल, तर तो बदलल्याशिवाय नवा बल्ब टिकणार नाही.

नवा बल्ब बसवताना

काचेला बोट लावायचं नाही हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण त्यामागचं कारण समजलं की काळजी आपोआप घेतली जाते. हॅलोजन बल्बमध्ये तापलेल्या फिलामेंटवरून उडालेलं टंगस्टन आतल्या हॅलोजनशी संयोग पावतं आणि पुन्हा फिलामेंटवर येऊन बसतं. हे चक्र चालायला काच २५० अंश सेल्सिअसच्या वर तापलेली असावी लागते, म्हणून ही काच छोटी आणि बहुधा क्वार्ट्झची असते. बोटाचं तेल आणि मीठ त्या उष्णतेत काचेवर भाजून बसतं, तेवढाच भाग जास्त तापतो, कमकुवत होतो आणि तिथून तडा जातो. चुकून हात लागलाच तर घाबरू नका. बल्ब गार असतानाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं केलेल्या स्वच्छ कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. अरुंद जागेत काच पत्र्याला किंवा हेडलाइटच्या घराच्या कडेला घासली जाते, म्हणून बल्ब नेहमी बुडाला धरून, नाक सरळ ठेवून आत न्या.

खरी कसोटी इथून पुढे आहे. एच४ च्या धातूच्या चकतीला तीन कान असतात, त्यातला एक रुंद असतो आणि तो सहसा वर येतो. एच७ च्या चकतीवर एक खाच असते. ही रचना अशी केलेली असते की बल्ब एकाच पद्धतीने पूर्ण बसावा. बल्ब आत ठेवल्यावर बोटाच्या टोकाने चकतीच्या कडेवरून गोल फेरी मारा. सगळीकडे सारखी सपाट लागली पाहिजे. एका बाजूला कड वर आलेली जाणवली तर तो बसलेला नाही. बल्बला अगदी हलकं डावं-उजवं वळवून बघा. नीट बसला की तो किंचित खाली उतरतो आणि हलायचा थांबतो. स्प्रिंग लावायची ती त्यानंतरच. बल्ब बसलेला नसतानाही स्प्रिंग कधीकधी लागते, आणि या कामातली सर्वांत मोठी चूक तीच. दिवा लागतो, आपण समाधानाने बॉनेट बंद करतो, आणि उजेड समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

स्प्रिंग लावताना अंगठ्याने बल्बचं बूड दाबून धरा आणि तर्जनीने स्प्रिंगचं टोक आत दाबत आकड्याखाली न्या. हात भरून आला, बोटं थरथरायला लागली, की थांबा. पाच मिनिटांनी तीच गोष्ट सहज जमते. चिडून दाबलेली स्प्रिंग वाकते आणि प्लॅस्टिकचा आकडा तुटतो.

एच११ च्या रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. तो आत सपाट टेकल्यावरच फिरवा, आणि अडेपर्यंत पाव फेरा न्या. कपलर पूर्ण आत गेला का ते हलकं ओढून तपासा.

शेवटी टोपी किंवा झाकण. ते नीट बसवण्याचा कंटाळा येतो, पण हेडलाइटमध्ये वाफ धरण्याचं नेहमीचं कारण हीच टोपी असते. रबरी टोपीवर वरची बाजू दाखवणारी खूण असेल तर ती वर ठेवा. टोपीची कड घराच्या काठावर सगळीकडे बसली आहे का हे बोटाने पूर्ण गोल फिरून बघा. फिरकीचं झाकण असेल तर खटका लागेपर्यंत फिरवा.

आत काही पडलंच तर

बल्ब हेडलाइटच्या घरात पडला तर गाडी हलवू नका आणि दिवे लावू नका. दांडीवर टोकाला दुहेरी चिकटपट्टी लावून तो उचलता येतो. स्प्रिंग किंवा स्क्रू असेल तर चुंबकाची लवचिक दांडी कामी येते. काच आत फुटली असेल तर व्हॅक्यूम क्लीनरला पातळ नळी जोडून तुकडे ओढा. रिफ्लेक्टर कापडाने कधीच पुसू नका, त्याचा थर अतिशय नाजूक असतो.

भिंतीवर तपासा

सगळं सामान परत जागेवर लावण्याआधी दिवा लावून बघा. मग गाडी सपाट जमिनीवर, भिंतीपासून ५ मीटरवर, भिंतीकडे सरळ तोंड करून उभी करा. लो बीमची वरची कड दोन्ही दिव्यांची एकाच उंचीवर आली पाहिजे. बऱ्याच हेडलाइटवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर उताराचा टक्का लिहिलेला असतो. १ टक्का लिहिला असेल तर ५ मीटरवर ती कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली हवी. नव्या बल्बची कड धूसर दिसली, वर पळाली किंवा एखादा विचित्र पट्टा वर गेला, तर हेडलाइटच्या अ‍ॅडजस्टमेंट स्क्रूला हात लावू नका. बल्ब वाकडा बसला आहे, तो काढून पुन्हा बसवा. स्क्रू फिरवून चूक झाकली तर पुढचा बल्ब नीट बसवूनही उजेड चुकीचाच पडेल. अख्खा हेडलाइट काढला होता तर मात्र दिशा नव्याने तपासून घ्यावी लागते.

नवा बल्ब थोड्याच महिन्यांत पुन्हा उडाला तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवरचे व्होल्ट मोजा. साधारण १३.८ ते १४.५ ठीक आहेत. त्याहून बरेच वर जात असतील तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) रेग्युलेटर दाखवा, कारण व्होल्टेज ५ टक्क्यांनी वाढलं तरी फिलामेंटचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. व्होल्ट बरोबर निघाले तर आत ओलावा शिरतोय का आणि स्प्रिंग सैल होऊन बल्ब हादरतोय का, हे बघा.

सुटा राहिलेला चालू बल्ब नव्याच्या खोक्यात घालून, वर प्रकार आणि तारीख लिहून गाडीत ठेवा. आत स्प्रिंग कशी आहे तो व्हिडिओही फोनमधून पुसू नका.